गुणवंतरावांच्या गिरणीचा भात

"वरातीले गिरणीचा भात खाऊ घालीन! बाईमाणसाचा पाय लागलेला एक दाणा जरी पत्रावळीवर दिसला, तं ही मिशी भादरून टाकीन!"

लेक चंदाच्या साक्षगंधाला, साखरपुड्याच्या भरल्या मांडवात, मोहटोल्याच्या गुणवंतरावांनी ही गर्जना केली आणि मिशीला असा पीळ दिला, की शेजारी बसलेल्या भटजींनी दचकून डोळे मिटले. आरमोरीच्या बाजारात त्या मिशीला मान होता. माणूस ओळखू यायच्या आधी लोक मिशीलाच रामराम करायचे!

कारण घडलं होतं तसंच. होणारे व्याही नानाजी धानोऱ्याकडचे. बोलणं गोड, पण आत बारीक खडा. जेवता जेवता त्यांनी भाताचा एक दाणा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "गुणवंतभाऊ, मागं वडशाले गिरणीचा भात खाल्ला होता बाप्पा! मोगऱ्याची कळी जशी! तुमच्या इथी अजून ढेकीच चालते काय गा?"

झालं! मोहटोल्यात घरोघरी ढेकी होती. लांबलचक लाकूड, पुढं मुसळ, मागं बायांचे पाय; पाय दाबला की मुसळ उठायचं, सोडला की उखळात पडायचं. पहाटे गावभर धब-धब चालू झालं की कोंबडे आरवायचा कंटाळा करायचे. गावाचा भात असाच निघायचा आणि गुणवंतराव तोच खाऊन एवढे मोठे झाले होते. पण व्याह्यापुढं कोण कबूल करते?

"ढेकी?" ते म्हणाले. "हे काय शेवटचं वर्ष! सोसायटी काढली ना आपण! योजनेचे दिवस हायेत, नानाजी. शिकवते सरकार, यंत्र देते सरकार, कर्ज देते सरकार! आपण फक्त भात टाकायचा!"

आतून धुरपताबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "आणि खायचं कोणी? तेबी सरकारनंच काय?"

गुणवंतरावांनी ऐकलं नाही. न ऐकण्याचा त्यांचा सराव लग्नाइतकाच जुना होता.

लग्न वैशाखात. म्हणजे हातात सगळा हिवाळा. गुणवंतराव कोट घालून चांद्याला गेले. तिथं तीन कचेऱ्या होत्या, आणि तिन्हींच्या मध्ये एक चिंचेचं झाड.

यंत्राच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "गिरणी चालवणारा शिकलेला माणूस आहे का? तो दाखवा, यंत्र घेऊन जा."

शिक्षणाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "कर्ज मंजूर झालंय का? त्याशिवाय माणूस शिकवून आम्ही काय करू?"

कर्जाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "यंत्र कुठंय? यंत्र बघितल्याशिवाय कर्ज देता येत नाही."

गुणवंतराव घाण्याच्या बैलासारखे चिंचेभोवती फिरले. दुपारी झाडाखाली बसून त्यांनी शिदोरी सोडली आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडताना त्यांना साक्षात्कार झाला. बैल एका बाजारातला, वखर दुसऱ्या सुताराचं, गडी तिसऱ्या गावचा. पण वावरात उतरले की तिघं मिळून काम करतातच ना? मग जुळवत कशाला बसायचं? जे हातात पडते ते घ्या! आधी घ्या, मग जुळवा!

ते परत शिक्षणाच्या कचेरीत गेले. "साहेब, आत्ता, ह्या घडीले, कोणतं शिक्षण शिल्लक हाये?"

"मधमाशापालन," साहेब म्हणाले. "कोणी यायलाच तयार नाही."

गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला. "माशी काय करते? फुलातून काढते. गिरणी काय करते? टरफलातून काढते. काढणं ते काढणंच! लिहा आमच्या लटारूचं नाव!"

कर्जाच्या कचेरीत फक्त कोंबड्यांचं कर्ज उरलं होतं. तेही रोख नव्हतं. थेट कोंबड्याच मिळायच्या. पांढऱ्याशुभ्र, विलायती!

"कोंबडी काय खाते? कोंडा! कोंडा कशातून निघते? गिरणीतून! म्हणजे हे गिरणीचंच कर्ज झालं!"

साहेब म्हणाले, "कोंबड्या नीट ठेवा मात्र. वैशाखात मी स्वतः पाहायला येणार."

"या ना साहेब! लग्नालेच या!"

राहिलं यंत्र. भात कांडायचं यंत्र गोदामात नव्हतं, ते कधी येईल ते देवाला माहीत. तेलावर चालणारं इंजिन मात्र होतं. विहिरीचं पाणी ओढायचं.

"धड मिळालं, तोंड मागून येईल!" गुणवंतराव म्हणाले आणि मिशी वर करून गावाकडं निघाले. येताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "गिरणी झालीच समजा!"

आल्या आल्या त्यांनी दोन कामं केली. आपल्या भाच्याला, लटारूला, शिकायला रवाना केलं. आणि गावातल्या ढेक्या उपटल्या.

हो, उपटल्या! गिरणीला छपरी पाहिजे, छपरीला खांब पाहिजेत, जंगलातलं लाकूड तोडलं की गार्ड पकडतो. आणि ढेकीसारखं तयार, तुळतुळीत लाकूड दारात पडलेलं! शिवाय ढेक्या राहिल्या तर बाया गिरणीत यायच्या नाहीत, हेही त्यांच्या दूरदृष्टीला दिसत होतं. बायांनी आरडाओरड केली. मंगलीबाई तर ढेकीवर आडवी झोपली! पण सोसायटीचे अध्यक्ष म्हणून गुणवंतराव म्हणाले, "पुढच्या महिन्यात पायावर पाय टाकून बसाल!" तेव्हा ती उठली.

एकच ढेकी वाचली. धुरपताबाईंची. घरामागच्या सांदवाडीत त्या कमरेला पदर खोचून, कुऱ्हाड घेऊन उभ्या राहिल्या.

"माया सासूची ढेकी हाये. आधी गिरणीचा भात दाखवा, मंग हात लावा!"

"अवं, लोक काय म्हणतील? अध्यक्षाच्याच घरी ढेकी?"

"लोक म्हणतील, अध्यक्षाची बायको शहाणी हाये."

गुणवंतरावांनी ढेकीभोवती कडबा रचून ती झाकून टाकली. मागासलेपण दिसायला नको!

फाल्गुनात लटारू आला. डोक्यावर जाळीची टोपी, एका हातात धुराडं आणि बैलबंडीत एक लाकडी पेटी. पेटीतून गुंऽऽ असा आवाज.

"लटारू, शिकला काय गा?"

"सगळं शिकलो, मामाजी! घाबरायचं नाई, हिसका द्यायचा नाई, जवळ जाऊन गोड बोलायचं, मंग धूर द्यायचा. की झालं शांत!"

"शाब्बास! उद्या इंजिन येऊन राह्यलं. त्याले हेच करायचं!"

लटारूचा चेहरा जरा लांबला. पण त्यानं धुराड्यातली राख झटकून ठेवली.

इंजिन वडशाच्या स्टेशनावर उतरलं आणि दोन बैलजोड्यांनी ओढत गावात आणलं. बायांनी त्याला हळद-कुंकू लावलं. मागोमाग कोंबड्याही आल्या. इतक्या पांढऱ्या, की गावातले कुत्रे त्यांना बगळे समजून आदरानं बाजूला झाले! सगळी मंडळी नव्या छपरीत दाखल झाली: मधोमध इंजिन, आढ्याला मधमाशांची पेटी, खाली कोंबड्या. गुणवंतराव दारात उभे राहून समाधानानं बघत होते.

"शिक्षण आलं, यंत्र आलं, कर्ज आलं! आता काय राह्यलं?"

"भात राह्यला," धुरपताबाई म्हणाल्या.

भात राह्यलाच! वैशाख उजाडला, मांडव पडला, पाहुणे यायला लागले, तरी गिरणीचं तोंड काही आलं नाही. धान पोत्यात जसंच्या तसं. ढेक्या छपरीखाली खांब होऊन उभ्या. आरमोरीहून तांदूळ आणावा, तर तो कुठल्या बाईच्या पायाखालून आला हे कोण सांगणार? वडशाच्या गिरणीतला आणावा, तर स्वतःची गिरणी झाल्याचं गावोगाव सांगून ठेवलेलं. आणि नानाजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडत होते, "मोगऱ्याच्या कळ्या खाले येऊन राह्यलो! न्हावी सोबतच आणतो, न जाणो कामी पडला तं!"

गुणवंतरावांची झोप उडाली. हात सारखा मिशीकडं जायचा. जिवंत आहे ना, एवढं पाहायला.

शेवटी लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी आरमोरीच्या कमरुद्दीन मिस्त्रीला बोलावलं. मोटारीपासून कुलपापर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. आणि जे दुरुस्त होत नाही ते निदान वेगळं करून दाखवणारा.

कमरुद्दीननं इंजिनाभोवती एक फेरी मारली. "गुणवंतभाऊ, ताकद तो बहुत हाये. पर ये चबाएगा किससे? दात कुठी हायेत?"

"तेच तं विचारून राह्यलो बाबा! संध्याकाळी वरात येते!"

तेवढ्यात सांदवाडीतून आवाज आला. धब! धब! धुरपताबाई घरच्यांपुरते पसाभर धान कांडत होत्या. कमरुद्दीननं कान टवकारला, कडबा बाजूला केला आणि त्याच्या चेहऱ्यावर ईदचा चांद उगवला.

"भाऊ! दात तो घरातच हाये! इंजिनाचा पट्टा बंडीच्या चाकाले लावतो. चाकाले खुंट्या ठोकतो. चाक फिरलं की एक-एक खुंटी ढेकीचं शेपूट दाबते. बाई का पाँव ही नहीं लगता!"

गुणवंतरावांनी त्याला मिठीच मारली. बाईचा पाय नाही! शपथ शाबूत, मिशी शाबूत!

"धुरपते, उतर खाली! आता ही ढेकी राह्यली नाई, गिरणी झाली!"

"होऊ द्या," धुरपताबाई उतरत म्हणाल्या. "पण मले दूर उभी राहू द्या."

बैल जुंपून इंजिन छपरीतून ओढायला लागले. निघता निघता ते कोपऱ्यातल्या खांबाला, म्हणजे मंगलीबाईच्या ढेकीला, घासलं. छपरी करकरली, एका पायावर उभ्या म्हाताऱ्यासारखी वाकली, पण पडली नाही. कोणी लक्ष दिलं नाही. सगळं गाव सांदवाडीत जमलं होतं. चाक बसलं, खुंट्या बसल्या, पट्टा चढला. दुपार कलली तेव्हा कमरुद्दीननं हँडल मारलं.

इंजिन खोकलं. थांबलं.

"लटारू!" गुणवंतराव ओरडले. "तुले शिकवलं ते कर!"

लटारू जाळीची टोपी घालून पुढं आला. इंजिनाच्या कानाशी वाकून म्हणाला, "घाबरू नको बापा, तुले कोणी काई करून नाई राह्यलं." मग धुराड्यातून त्यानं इंजिनाला धूर दिला. इंजिनानं त्याला दिला. लटारूचा जास्त की इंजिनाचा, हे कळायला मार्ग नव्हता. पण धूर विरला तेव्हा इंजिन चालू होतं! भक्-भक्-भक्-भक्!

चाक फिरलं. खुंटीनं शेपूट दाबलं. मुसळ उठलं, पडलं. धब! गावानं टाळ्या पिटल्या. धब-धब! गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. धबधबधबधबधब! ढेकीला जन्मात एवढी घाई नव्हती. बायका गाणं म्हणत कांडायच्या, मध्ये थांबून चुगल्या करायच्या; त्या बिचारीला तीच चाल ठाऊक. आता ती अंगात आल्यासारखी उडायला लागली, आणि तिच्याबरोबर उखळातला तांदूळही! कारंजं उडावं तसा तांदूळ आभाळात, घरावरून पलीकडं, रस्त्यावर!

आणि रस्त्यावरून वरात येत होती.

नानाजी पुढं होते, तुरेदार फेटा बांधून. वरून तांदूळ बरसला तसे ते थबकले. वर पाहिलं. आणखी बरसला. त्यांचा चेहरा खुलला. "वा रे व्याही! वरात दारी नाई पोहोचली, तं अक्षता सुरू! असं स्वागत मी उभ्या जन्मात नाई पाह्यलं!" वाजंत्रीवाल्यांनी जोर केला. वऱ्हाडी हात पसरून नाचायला लागले. फेट्याच्या घडीघडीत तांदूळ भरला.

"बंद कर रे, कमरुद्दीन!" इकडं गुणवंतराव ओरडत होते.

"चालू करायले बोलावलं होतं, भाऊ! बंद करायचं शिक्षण कोणी घेतलं?"

सगळ्यांनी लटारूकडं पाहिलं. लटारूनं आणखी धूर दिला.

इंजिनाच्या हादऱ्यानं जमीन थरथरत होती, आणि वाकलेल्या छपरीला तेवढंच निमित्त पुरलं. ती बसली. नमस्काराला वाकावी तशी, शांतपणे. खालून कोंबड्या सुटल्या आणि तांदळाचा माग काढत थेट वरातीत घुसल्या. आढ्याची पेटी खाली आली, तिचं झाकण उडालं आणि माशा तक्रार घेऊन बाहेर पडल्या.

पुढचं काय सांगावं! ताशा एकीकडं, ताशेवाला दुसरीकडं! नवरदेव घोड्यावरून उतरला नाही, घोडाच त्याच्या खालून निघून गेला. "बोडीत चला! बोडीत!" कोणी तरी ओरडलं, आणि सगळी वरात गावाशेजारच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, वैशाखातल्या कमरभर पाण्यात, गळ्यापर्यंत बसली. नुसती मुंडकी वर, कमळासारखी. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या फेट्यावर एक पांढरी कोंबडी बसून घडीघडीतला तांदूळ टिपत होती. फेटा नानाजींचा होता.

तेव्हा मात्र लटारू खरा शोभला! जाळी सावरून, गोड बोलत, धूर देत त्यानं माशा पेटीत परत घातल्या. मग सवयीनं वऱ्हाड्यांनाही धूर दिला. तेही शांत झाले. इंजिन तेल संपल्यावर आपसूक थांबलं, आणि बोडीच्या काठावर, ओल्या धोतरांनिशी, चंदाचं लग्न लागलं. चंदा इतकी हसत होती, की अंतरपाट सारखा हलत होता.

उखळात तांदूळ राहिला नव्हता, कण्या राहिल्या होत्या. धुरपताबाईंनी त्यांची खीर केली आणि लटारूच्या पेटीतला मोहाच्या फुलांचा मध त्यात घातला. वऱ्हाडी बोटं चाटत राहिले. पण नानाजींनी पत्रावळीला हात लावला नाही. ते रुसले!

आता, मुलाच्या बापानं रुसावं आणि मुलीच्या बापानं मनवावं, हे मंगलाष्टकाइतकंच ठरलेलं. कोणी अंगठीसाठी रुसतो, कोणी सायकलीसाठी.

"भाताबद्दल काई म्हणणं नाई," नानाजी मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाले. "कळी नाई, कण्या हायेत; पण बाईचा पाय नाई लागला, हे मी कबूल करतो. पण ते कोंबडी! भर वरातीत माया फेट्यावर बसून जेवली! उद्याच्या तिखट जेवणात तिचा रस्सा झाला पायजे. नाई तं वरात वापस, आणि सून तुमच्या इथीच!"

चंदाचं हसू थांबलं. गुणवंतरावांचे हात जुळले. "एवढंच ना, नानाजी! ते कोंबडी दाखवा, आत्ताच पकडतो."

"पांढरी होती."

गुणवंतरावांनी अंगणात पाहिलं. सगळ्याच पांढऱ्या! एकीसारखी दुसरी, जशा एकाच कचेरीतले कारकून.

"हे काय नानाजी?"

"असंल."

"का हे?"

"हेबी असंल. मी खाली होतो गा, ते वर होती! तिचं तोंड मले कसं दिसंल?"

एक जरी चुकून वाचली, तर तीच ती निघायची! रात्रीपर्यंत वाद चालला, आणि शेवटी धुरपताबाईंनी निकाल दिला. "पोरीचं सासर मोठं की कोंबड्या? सगळ्याच करा!"

दुसऱ्या दिवशी कमरुद्दीननं सुरी चालवली, सुकलू आचाऱ्यानं हंडे चढवले, आणि असा रस्सा झाला, की वास घेऊन आरमोरीचे लोक ओळख काढत आले. पत्रावळीवर कण्यांचा भात, वर कोंबडीचा रस्सा, कडेला द्रोणात मध. नानाजींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि डोळे मिटून म्हणाले, "व्याही, ऱ्हाऊ द्या ते वडशाची गिरणी! असं लग्न अख्ख्या झाडीपट्टीत झालं नाई!"

गुणवंतरावांनी त्या पत्रावळीकडं पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. कण्या यंत्राच्या, मध शिक्षणाचा, रस्सा कर्जाचा! चिंचेखालचं बोलणं खरं झालं होतं. आधी घेतलं, मग जुळलं!

"पाह्यलं?" ते बायकोला म्हणाले.

"पाह्यलं," धुरपताबाई म्हणाल्या. "आता त्या साहेबाले वाढा."

पंगतीच्या टोकाला कर्जाच्या कचेरीतले साहेब बसले होते. आमंत्रण होतं, म्हणून आले होते. त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला, नळीचं हाड ठोकून साफ केलं, द्रोणातला मध बोटानं पुसला आणि तृप्तीची ढेकर दिली.

"वा, गुणवंतराव! असा रस्सा नागपुरात मिळत नाही. कसली कोंबडी म्हणायची ही?"

"विलायती, साहेब."

"तरीच! बरं, चला आता. तुमच्या कोंबड्या दाखवा."

नानाजींच्या हातातला घास हातातच राहिला. सगळ्यांनी गुणवंतरावांकडं पाहिलं. पण मिशी असलेला माणूस असा हरत नसतो! ते छाती काढून उभे राहिले, मनात म्हणाले, आधी बोला, मग जुळवा. आणि बोलायच्या आधी सवयीनं त्यांनी मिशीला पीळ दिला.

मधाच्या वासानं आलेली एक माशी तिथं बसली होती.

काटा मिशीखाली खोल गेला होता. नानाजींनी सोबत न्हावी आणलाच होता. त्यानं मिशी भादरून काटा काढला.